कोणतं पिंपळगाव?

सुरेखा सहाणे अकरा वर्षं एसटीत कंडक्टर होती. जालना-भोकरदन-धावडा हा तिचा नेहमीचा मार्ग, आणि धावडा तर तिचं माहेरच. त्यामुळं त्या बाजूचा एकेक फाटा तिला तोंडपाठ होता. कोणाची सून कुठल्या गावची, कोणती वस्ती कोणत्या ओढ्याच्या पल्याड, हे तिला कोणाला विचारावं लागत नसे. एखादी म्हातारी नुसती "मला घरापाशी सोड गं पोरी" म्हणाली, तरी सुरेखा बरोबर जागेवर घंटी मारायची.

एका उन्हाळ्यात गाडीसमोर म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि तिकिटं फाडत उभी असलेली सुरेखा मागच्या मागं आपटली. मणक्यातली चकती सरकली. उभ्यानं काम आता बंद, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. डेपोत तिला हलकं काम मिळालं. आलेल्या कागदांवर नंबर टाकायचे आणि ते कपाटात लावायचे. दिवसभर कोणी तिच्याशी बोलत नसे, आणि सहा महिन्यांत तीही बोलायची थांबली. शेवटी नवऱ्यानंच, भागवतनं, एक दिवस जेवताना विचारलं, "तू घरात असून नसल्यासारखी का राह्यलीस?"

त्याच सुमारास जालन्यातल्या एका सेवाभावी संस्थेनं रुग्णवाहिकेचा मदत कक्ष काढला. तिथं फोन घेणारी माणसं हवी होती. फोन घ्यायचा, जागा हुडकून गाडी रवाना करायची, आणि गाडी पोचेपर्यंत समोरच्या माणसाला काय करायचं ते सांगत राहायचं. त्यासाठी आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. त्याशिवाय फोनला हात लावायचा नाही. सुरेखानं अर्ज भरला आणि डेपोत तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली.

"पक्की नोकरी सोडून फोन उचलायला चालली का तू?" भागवत म्हणाला. त्याचं मोटारी वाइंडिंगचं दुकान होतं. एकदा हातात घेतलेलं काम त्यानं कधी अर्धवट सोडलं नव्हतं.

"सोडून न्हाई, रजा घेऊन. नापास झाले तर हाईच ते कपाट."

वर्गात चौदा जण होते. सुरेखा चाळिशीची, बाकी सगळे पंचविशीच्या आतले. शिकवायला उमा पाठक होत्या. त्यांनी वीस वर्षं अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम केलं होतं. आवाज हळू, पण एक शब्द वाया जाणार नाही असा. पहिल्याच दिवशी त्यांनी काय काय पार करावं लागेल ते सांगून टाकलं. मराठी टायपिंग मिनिटाला तीस शब्द. प्रथमोपचाराचा वेगळा दाखला. नकाशाची परीक्षा. लेखी पेपरात शंभरापैकी ऐंशी. त्यानंतर सरावाचा कॉल, ज्यात ठिकाण चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही शून्य. आणि हे सगळं पार पडलं तरी शंभर तास जाणत्या माणसाच्या शेजारी बसून खरे फोन घ्यायचे. तेव्हा कुठं प्रमाणपत्र, तेही दोन वर्षांपुरतं. परीक्षेला दोनच संधी.

टायपिंगनं सुरेखाला रडकुंडीला आणलं. अकरा वर्षं तिकिटाच्या मशीनवर नाचलेली तिची बोटं कीबोर्डवर मात्र दगडासारखी पडायची. मिनिटाला नऊ शब्द. अंकुशनगरची अर्पिता तिच्या शेजारी बसायची. तिचे वडील साखर कारखान्यात होते, आणि तिची स्वतःची बोटं बघता बघता पळायची.

"ताई, धड्यातली वाक्यं टाइप करू नका," अर्पिता म्हणाली. "तुम्हाला जे पाठ आहे ते टाइप करा."

मग सुरेखानं आपले थांबे टाइप करायला घेतले. जालना, राजूर, भोकरदन, पिंपळगाव रेणुकाई, वालसावंगी, धावडा. जाताना आणि येताना. वर्ग सुटल्यावर दोघी तासभर बसायच्या. पाचव्या आठवड्यात सुरेखाचा आकडा तेहतिसावर गेला. नकाशाच्या परीक्षेत तर ती वर्गात पहिली आली, आणि इथंच तिचा पाय घसरला.

सरावाच्या कॉलला उमाताई शेजारच्या खोलीत बसून फोन लावायच्या. सुरेखाच्या कानात रडवेल्या बाईचा आवाज आला. पिंपळगावात, शाळेच्या मागं, नवऱ्याच्या छातीत कळ आली. बोलण्याची ढब थेट तिच्या माहेरच्या बाजूची. सुरेखानं क्षणाचाही विचार केला नाही. गाडी पिंपळगाव रेणुकाईला रवाना केली, पुढचे सगळे प्रश्न क्रमानं विचारले, शांतपणे धीर दिला. खोलीतून बाहेर आली ती पास झाल्याच्या खात्रीनंच.

उमाताईंनी कागद समोर ठेवला. शून्य.

"बाई पिंपळगाव कोलत्याची होती," त्या म्हणाल्या. "तालुक्यात पिंपळगावं किती आहेत, ते तुम्हीच मला सांगू शकाल."

"पण मॅडम, तुम्ही बोलल्या तशा. ती बोली तिकडची हाय."

"बोलीवरून गाव ओळखायचं असं मी कधी शिकवलं?" उमाताईंनी विचारलं. "सुरेखाताई, बाकीच्यांना गावं माहीत नाहीत म्हणून ते विचारतात. तुम्हाला माहीत आहेत म्हणून तुम्ही विचारत नाही. बसमध्ये ते चाललं. चुकीच्या फाट्यावर उतरलेला माणूस मागच्या गाडीनं जातो. इथं मागची गाडी नसते."

त्या दिवशी सुरेखा बसस्टँडपर्यंत चालत गेली आणि बाकड्यावर बसून राहिली. समोर धावड्याची गाडी लागली, भरली, निघून गेली. टायपिंग येत नाही म्हणून नापास झाली असती तर तिला एवढं लागलं नसतं. तिच्या हातचं जे एक होतं, त्यानंच तिला पाडलं होतं.

घरी आल्यावर तिनं भागवतला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि फोन घेऊन तो गच्चीवर गेला. खाली सुरेखाचा फोन वाजला.

"हॅलो, जल्दी गाडी पाठवा."

"कुठं पाठवू?"

"मारुतीच्या देवळापाशी."

"कोणत्या गावचा मारुती?"

"आमच्या गावचा."

"गावाचं पुरं नाव सांगा. तालुका सांगा."

"तुम्हाला एवढं बी माहीत न्हाई का?"

"माहीत न्हाई," सुरेखा म्हणाली. "तुम्ही सांगा."

त्या दिवसापासून तो रोज फोन करायचा, कधी दुकानातून, कधी बाजारातून. दरवेळी तो नवं सोंग घ्यायचा. कधी बहिरा म्हातारा, कधी भांडखोर माणूस, कधी नुसता हुंदके देणारा. आपला नवरा एवढा नाटकी आहे हे सुरेखाला सोळा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कळलं. दुसऱ्या संधीला तिनं प्रत्येक गाव असं विचारलं की जणू ती परवाच परमुलखातून आली आहे. अठ्ठ्याऐंशी गुण पडले. चौदांतले नऊ जण पास झाले, आणि निकालाच्या फळ्यावर अर्पिताच्या खाली तिचं नाव होतं.

राहिले शंभर तास. उमाताई शेजारी बसायच्या, त्यांच्या कानालाही हेडफोन असायचा, आणि त्यांच्यासमोर एक लाल बटण. ते दाबलं की फोन त्यांच्याकडे वळायचा. एकदा जरी दाबावं लागलं, तर तास पुन्हा पहिल्यापासून.

त्र्याण्णवाव्या तासाला, दुपारी सव्वातीनला, फोन आला.

"ओ बाई, माझ्या लेकाला करंट लागला. कडबाकुट्टीच्या मशीनला चिकटलाय त्यो. मी वढून काढू का त्याला?"

"मावशी, हात लावू नका. बिलकुल लावू नका. गाव कोणतं?"

"पिंपळगाव."

आवाज तोच, ढब तीच, अगदी तिच्या आईच्या गल्लीतला. सुरेखाचं मन रेणुकाईला जाऊन पोचलंसुद्धा. तिनं कीबोर्डवरची बोटं उचलून धरली.

"कोणतं पिंपळगाव, मावशी?"

"आमचंच की वं माय."

"पुरं नाव सांगा. गाडी निघायला उभी हाय, फक्त नाव सांगा."

"कोलते. पिंपळगाव कोलते. पाण्याच्या टाकीच्या म्होरं, डाव्या हाताला, शेतातली वस्ती."

सुरेखानं गाडी सोडली. पुढं कळलं की त्या बाईचं, सगुणाबाईचं, माहेर वालसावंगीचं होतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी बोली माहेरचीच राहिली होती.

"गाडी निघाली, मावशी. आता मी सांगते तेवढं करा. मशीनचा खटका कुठं हाय?"

"खांबावरच्या पेटीत."

"मशीनपासून लांबून जा. खटका खाली वढा. पायात चप्पल हाय ना?"

पावलांचा आवाज, मग खट्ट. मग काहीतरी जड जमिनीवर पडल्याचा आवाज.

"पडला वं बाई."

"आता त्याच्यापाशी जा. नाव काय लेकाचं?"

"देवानंद."

"हाक मारा, खांदा हलवा. बोलतो का? छाती हलती का?"

"न्हाई. काहीच हलंना."

सुरेखाला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की उमाताईंचा हात लाल बटणापाशी गेला आहे. ती त्यांच्याकडे वळली नाही.

"फोनचा स्पीकर लावता येतो का, मावशी? लावा आणि फोन खाली ठेवा. देवानंदला उताणा करा. त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसा. छातीच्या मधोमध एक पंजा ठेवा, त्याच्यावर दुसरा. हाताची कोपरं ताठ. उखळात मिरच्या कांडता तसा जोर लावा, पण पंजा छातीवरून उचलू नका. मी मोजते तसं दाबा. एक, दोन, तीन, चार."

"त्याला लागल ना."

"लागू द्या. एक, दोन, तीन, चार. मोठ्यानं मोजा माझ्यासंगं."

सगुणाबाई मोजू लागली. आधी रडत, मग धापा टाकत. मदत कक्षातले बाकीचे आवाज सुरेखाला ऐकू येईनासे झाले. दोन मिनिटं झाली. तीन झाली.

"बाई, त्यानं आचका दिला. श्वास घेतला वाटतं."

हे सुरेखानं लेखी पेपरात लिहिलं होतं. असा एखादा आचका म्हणजे श्वास नव्हे.

"थांबू नका, मावशी. दाबत राहा. एक, दोन, तीन, चार."

"हात गळून गेले माझे."

"गाडी वाटेवर हाय. तुमच्या हातांत अजून लई जोर हाय. एक, दोन."

पाचव्या मिनिटाला फोनमधून घोगरा खोकला ऐकू आला. मग कोणीतरी कण्हलं. सगुणाबाई मोजायची थांबली.

"मावशी, छातीकडं बघा. वर-खाली होती का? सारखी होती का?"

"व्हती. माझ्याकडं बघून राह्यला त्यो."

सुरेखानं त्याला कुशीवर वळवायला सांगितलं, तोंडाशी हात धरून श्वास बघत राहायला सांगितलं. सोळाव्या मिनिटाला गाडीचा ड्रायव्हर शिवाजी वस्तीवर पोचला. फोन बंद झाला तेव्हा सुरेखानं उमाताईंकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. लाल बटण जसं होतं तसंच.

"पाणी प्या," उमाताई म्हणाल्या. "मग पुढचा फोन घ्या. सात तास उरलेत तुमचे."

देवानंद नऊ दिवसांनी दवाखान्यातून घरी गेला. उजव्या तळव्याला भाजल्याची खूण राहिली, बाकी धडधाकट. नियमाप्रमाणं त्या फोनचं ध्वनिमुद्रण तपासलं गेलं. शहाण्णव गुण पडले. परत फोन करायचा नंबर विचारला नाही, म्हणून चार कापले होते. सुरेखानं कागद वाचला आणि म्हणाली, "बराबर हाय. लाइन तुटली असती तर मी काय केलं असतं?" उमाताई हसल्या. सुरेखानं त्यांना हसताना पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली, आणि एक नवं काम तिच्या गळ्यात घातलं: जिल्ह्यातल्या एकाच नावाच्या गावांची यादी करायची, प्रत्येकाच्या खुणांसकट. नव्या वर्गाला ती यादी परीक्षेसाठी नेमली गेली.

राजीनामा द्यायला ती डेपोत गेली, तेव्हा साहेबांनी सहीसाठी पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं.

"सही करतो, पण एका अटीवर. आमच्या गाड्यांत रोज दोन-तीन हजार माणसं बसतात. हे छाती दाबायचं आमच्या लोकांना शिकवून जा."

बुधवारी दुपारी वर्कशॉपच्या शेडमध्ये सतरंज्या पसरल्या गेल्या. ड्रायव्हर-कंडक्टर मिळून एकोणीस जण गुडघ्यावर बसले, प्रत्येकासमोर कापूस ठासून भरलेली उशी. भागवत दुकान बंद करून आला होता आणि भिंतीला टेकून बघत होता. सुरेखाच्या पाठीला पट्टा होता, आवाज मात्र शेडच्या पत्र्यापर्यंत पोचत होता. राधेश्याम ड्रायव्हर पन्नासावरच थांबला आणि घाम पुसत म्हणाला, "झालं का मॅडम?"

"अजून गाडी आली न्हाई," सुरेखा म्हणाली. "दाबत राहा."

त्या दिवशी एकोणिसाच्या एकोणीस जणांनी दोन मिनिटं पुरी केली. पुढच्या बुधवारी तिला अंबडच्या डेपोनं बोलावलं.