ओलं सरोवर

ओल्यावर ओला रंग लावत गेलं की निसर्गचित्र अर्ध्या तासात तयार होतं, हे अगदी खरं आहे. ते वाळतं कधी, एवढंच मी विचारलं नव्हतं.

झालं असं, की साखरखेर्ड्याला माझ्या मेहुण्यानं, सुभाषनं, नवं घर बांधलं. फोनवर तो सहज म्हणाला, "भाऊजी, हॉलची एक भिंत लई रिकामी दिसून राह्यली." मी पडलो लोणारचा माणूस, त्यात मोबाइलवर चित्रकलेचे व्हिडिओ पाहायचं नवं वेड! "खिळा ठोकून ठेव. सरोवर मी काढून आणतो!" (तोवर मी आयुष्यात रंगवलेली एकमेव वस्तू म्हणजे आमच्या घराचं फाटक.) सुभाषनं खिळा ठोकला आणि गावभर सांगूनही टाकलं. आता माघार नाही!

व्हिडिओतले गुरुजी सांगत होते, आधी कॅनव्हासवर पांढरा, पातळ, ओला थर द्या. त्याला लिक्विड व्हाइट म्हणतात. तो ओला असतानाच त्यावर आकाश, पाणी, डोंगर काढा. रंग एकमेकांत अलगद मिसळतात. हे लिक्विड व्हाइट लोणारात मिळेना, मेहकरात मिळेना. मागवून वाट पाहायची म्हणजे धीर हवा, आणि धीर हा प्रकार आमच्याकडे कधी नव्हताच. शेवटी त्यात असतं काय? पांढरा रंग आणि जवसाचं तेल. फाटकाचा पांढरा ऑइल पेंट घरात उरला होता, आणि जवसाचं तेल तर स्वयंपाकघरात!

"अहो, ते चटणीवर घ्यायचं तेल हाये!" माझी बायको वंदना ओरडली.

"कलेसाठी दे."

"कलेसाठी चमचाभर न्या ना! बाटली काऊन नेऊन राह्यले?"

गुरुजींचं म्हणणं, थर इतका पातळ हवा की डोळ्याला दिसूही नये. दिसणारच नसेल तर लावायचा कशाला? मी वाटीभर ओतला!

मग निळं आकाश लावलं, ते घसरत पाण्यात आलं. काठावर झाडं काढली, ती पोहायला उतरली. डोंगर सावरायला गेलो तर आकाश हललं, आकाश धरलं तर डोंगर सुटला. मी बसतोय, उठतोय, ब्रश बदलतोय, पुन्हा फिरवतोय! अर्ध्या तासात सगळे रंग एकजीव झाले.

वंदना येऊन बघत राहिली. "हे काय हाये? कढी?"

"लोणारचं सरोवर."

"मंग आभाळ कोणतं अन् पाणी कोणतं?"

"वरचं आभाळ."

तिनं कॅनव्हास उलटा केला. (उलटं बरं दिसत होतं. पण ते मी तेव्हा कबूल केलं नाही.)

त्यानंतर वाळण्याची वाट. सकाळी ओलं, दुपारी ओलं, दुसऱ्या दिवशीही ओलंच! पंख्याखाली ठेवलं, गच्चीवर उन्हात ठेवलं. तिथं चिलटं येऊन चिकटली, म्हणजे पक्ष्यांचा प्रश्न मिटला. मी येता-जाता बोट लावून पाहत होतो. आकाशात माझे इतके ठसे उमटले, की पोलिसांना मला शोधायला काहीच कष्ट पडले नसते.

गृहप्रवेशाचा दिवस उजाडला, चित्र तसंच ओलं! एसटीत मी ते छातीपुढे धरून, कोणालाही जवळ येऊ न देता, उभ्यानं साखरखेर्डा गाठला. सुभाषनं कौतुकानं ते खिळ्याला अडकवलं. खिळा नेमका सोफ्याच्या मागे, तोही खाली.

बुद्धवंदना झाली. सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. माझे सासरे, म्हणजे मामाजी, निवृत्त हेडमास्तर. सदरा असा कडक इस्त्रीचा, की घडीनं कापावं! खिरीची वाटी घेऊन ते थेट त्या सोफ्यावर बसले.

"मामाजी, टेकू नका!" मी ओरडलो.

गोंगाटात त्यांना 'टेकू' एवढंच ऐकू गेलं. त्यांना वाटलं, जावई टेकायला संकोचतोय. "आरामात बसा हो जवाईबुवा, घर आपलंच हाये!" आणि कसं बसायचं ते दाखवायला ते ऐसपैस मागे रेलले.

ते उठले तेव्हा 'चर्रर्र' असा आवाज आला. मामाजींच्या पाठीवर डोंगर, झाडं, पाणी, चिलटं, सगळं आलं होतं.

"अगं बाई," सुभाषची मावशी म्हणाली, "आता दिसलं सरोवर!"

दुसरं कोणीतरी हुंगत म्हणालं, "पण चटणीचा वास काऊन येऊन राह्यला?"

वंदनानं ओल्या फडक्यानं पुसलं आणि सरोवर बाह्यांपर्यंत पसरलं. शेवटी माझा सदरा मामाजींना, त्यांचा मला! त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत मी भिंतीला पाठ लावून उभा आहे. मामाजी रागावले नाहीत. ते काहीच बोलले नाहीत, आणि हेडमास्तर काहीच बोलत नाही तेव्हा फार वाईट असतं.

मागच्या महिन्यात ते आमच्याकडे राहायला आले. जरा दिलजमाई व्हावी म्हणून मी त्यांना खरं सरोवर दाखवायला नेलं. काठावर उभं राहून मामाजींनी ते अथांग पाणी, ती झाडी, तो उतार बराच वेळ न्याहाळला. मला वाटलं, जिंकलो! मग ते हळूच दोन पावलं मागे सरकले, पाठीवरचा सदरा चाचपला आणि म्हणाले,

"जवाईबुवा, हे तरी वाळलं हाये ना?"