आधी सही, मग आभाळ

चित्र काढण्याआधी सही करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमचा पेंटरचाचा. हिंगोलीतल्या दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे पडदे तोच रंगवायचा. कोरं कापड ताणलं की आधी उजव्या कोपऱ्यात नाव, मग आभाळ. विचारलं तर म्हणायचा, "मास्तर, चित्र बिघडलं तर कोनाचं बिघडलं, हे लोकायला बराबर कळाया पायजे."

मी मिसरूड फुटलेली राणी होऊन नाटकात उभा राहायचो, तेव्हापासूनची आमची ओळख. माझ्या तोंडाला रंगही तोच फासायचा. "हलू नगा, रानीसाहेब!" म्हणून दटावायचा.

हैदराबाद संस्थानाची राजवट गेली आणि पहिलाच दसरा आला. आठवडाभर गावात सभा, मिरवणुका, भाषणं. परवापर्यंत जुन्या अंमलदारांना मुजरे करणारे आता झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे! शनिवारी आमचं नाटक होतं. नवा पडदा मी सोमवारी चाचाला सांगितला. बुधवारी आमच्या नाटकमंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "पडदा त्याचाच हवा, पण मुसलमानाचं नाव नको. लोक खवळतील." निरोप सांगायला मला धाडलं. मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

नाव अर्थातच सोमवारीच पडलं होतं.

"काहून, मास्तर? काही बिघडलं काय?"

"नाही चाचा, पडदा झकास झालाय."

"मंग?"

मी उजव्या कोपऱ्यातल्या त्याच्या नावाकडे बोट केलं. ब्रश हिरव्या रंगात बुडवून त्यानं आपल्याच नावावर एक झुडूप काढलं. तेही इतकं सुरेख काढलं, की मला माझीच चीड आली.

शनिवारी नव्या राजवटीचे साहेब पहिल्या खुर्चीवर होते. पडदा बघून म्हणाले, "कयाधू नदीचा घाट अगदी खरा वाटतो हो! कुणी काढला?" अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

"नांदेडहून मागवला, साहेब," मी म्हणालो.

चाचा पाच पावलांवर पडद्याची दोरी धरून उभा होता. साहेबांनी कौतुकानं आपला हार माझ्या गळ्यात घातला आणि मी तो घालून घेतला. त्या प्रयोगात चाचानं पडदा एकदाही अडकू दिला नाही.

दिवाळीच्या आत त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि बायकोलेकरांना घेऊन हैदराबादची वाट धरली. मी स्टेशनवर गेलो. "चाचा, चुकलं माझं," एवढंच कसंबसं म्हटलं.

त्यानं रंगाचा डबा मांडीवर घेतला. "कोनाचं चुकलं, कसं सांगावं, मास्तर? पडद्यावर तर कोनाचं नावच न्हाई."