दमणच्या खाडीतल्या चार खेपा

आमच्या पनवेलच्या हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गात आम्ही पाच मुली होतो. चौघी गावातल्या, आणि पाचवी गोदू नाखवा, करंजाच्या कोळीवाड्यातली. करंजाला वरचे वर्ग नव्हते, म्हणून ती पनवेलला आत्याकडे राहून शिकत होती. तिची आत्या, जनी, बाजारात मासळी विकायची. गोदू पहाटे उठून आत्याच्या टोपल्या लावून द्यायची, विहिरीवर अंघोळ करायची आणि पहिल्या घंटेला वर्गात हजर असायची. बसायची मात्र शेवटच्या बाकावर, एकटी. तिच्या अंगाला मासळीचा वास येतो, असं आम्ही चौघींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिच्याजवळ जाऊन कुणी खात्री करून घेतली नव्हती.

तिला भाऊ नव्हता. दोन बहिणी लग्न होऊन गेलेल्या. त्यामुळे तिचा बाप, जगन नाखवा, लहानपणापासून तिलाच खाडीत होडीवर नेई. बाईमाणसाला होडीत घेतो म्हणून वाड्यात त्याला बोलणारे होते. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. गोदूने शाळेत ते कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

इतिहास शिकवायला टिपणीस सर होते. बावन्न सालच्या माघात त्यांनी वर्गात सांगितलं, "परदेश पाहायला विलायतेच्या बोटीत बसावं लागत नाही. वापी स्टेशनपासून सात मैलांवर पोर्तुगालचं राज्य आहे. शनिवारी निघू, रविवारी दमण पाहू आणि रात्री घरी येऊ."

पंधरा जण तयार झाले, दहा मुलगे आणि आम्ही पाचही मुली. मुली आहेत म्हणून सरांची पत्नी वेणूताई बरोबर आल्या. गोदूची परवानगी कुणी काढली ते मला ठाऊक नाही, पण शनिवारी सकाळी टपाल नाक्यावर जनीआत्या तिला पोचवायला आली होती. तिने सरांना हात जोडले आणि म्हणाली, "मास्तर, पोर तुमच्या सोबतीनं देते. परमुलखात जाते हाय."

पनवेलला तेव्हा रेल्वे नव्हती. ठाण्यापर्यंत एसटी आणि पुढे गाडी. शीळफाट्याच्या अलीकडेच एसटीचं टायर फुटलं. जादा टायर होतं, तेही बसलेलं. ड्रायव्हर एका मालट्रकवर चढून टायर आणायला गेला तो अडीच तासांनी आला. आम्ही रस्त्याकडेला बसून दोन्ही वेळचे डबे तिथेच संपवले. मुंबईहून सुटणारी सकाळची गाडी गेली. पुढची मिळाली ती प्रत्येक स्टेशनावर थांबणारी. वापीला उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि दमणच्या हद्दीवरचा नाका सूर्यास्ताला बंद होतो असं कळलं. मुक्काम वापीच्या धर्मशाळेत पडला.

रविवारी सकाळी नाक्यावर पोर्तुगीज शिपायाने आमची डोकी मोजली, पिशव्या उलट्यापालट्या केल्या आणि एक कागद हातात ठेवला. तो कागद त्या दिवसाच्या सूर्यास्तापर्यंतच चालणार होता. शिवाय परत येण्याआधी मोठ्या दमणच्या कचेरीत त्यावर शिक्का मारून घ्यायचा होता.

दमण म्हणजे दोन गावं, अलीकडे नानी म्हणजे लहान दमण आणि पलीकडे मोटी म्हणजे मोठं दमण. मधून दमणगंगा समुद्राला मिळते. पूल नव्हता, नाव होती. नावेत बसताना गोदूने नावाड्याला काहीतरी विचारलं, मग बोटांवर हिशेब केला आणि सरांजवळ गेली.

"सर, आज पौर्णिमा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ती आमच्याकडची. इथे तासभर उशिरा धरा. उधाणाची भरती आहे, त्यामुळे ओहोटीही तशीच खोल लागेल. तीनच्या आत परत फिरायला हवं. नंतर ही नाव चालणार नाही."

सर गणिताचे नव्हते, पण ऐकून घेणारे होते. "तीनला परत," ते आम्हा सगळ्यांना म्हणाले.

मोठ्या दमणचा किल्ला आम्ही पाहिला. आत चर्च, सरळ रस्ते, पिवळ्या भिंतींची घरं, घरांवर आमच्या ओळखीचा नसलेला झेंडा. मुलगे दरवाज्यावरच्या तोफांवर बसून आले. सर शिलालेखांपुढे उभे राहून बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो, कारण खरोखरच ऐकण्यासारखं होतं. दोनला आम्ही कचेरीपुढे हजर झालो. कचेरीला कुलूप. रविवारी दुपारी जेवणानंतर चारला उघडते, असं शेजारच्या दुकानदाराने गुजरातीत सांगितलं. शिक्क्याशिवाय जाता येत नव्हतं. आम्ही पायरीवर बसून राहिलो. गोदू बसली नाही. ती दर थोड्या वेळाने तटाच्या कडेला जाऊन पाणी पाहून येत होती.

शिक्का मिळाला साडेचारला. धावत धक्क्यावर आलो, तर सकाळची नदी जागेवर नव्हती. दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडला होता आणि मधून पाण्याचा एक पट्टा समुद्राकडे वेगाने ओढला जात होता. आमची नाव पलीकडे चिखलात एका अंगावर कलंडलेली. नावाडी घरी गेलेले.

धक्क्यावरच्या शिपायाने हाताने नऊचा आकडा दाखवला. भरती आल्यावर, रात्री नऊला नाव.

सरांनी कागद काढून पुन्हा वाचला. सूर्यास्तानंतर तो रद्द होता. परक्या मुलखात, रद्द झालेल्या कागदावर, पंधरा मुलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी सरांना घाबरलेलं पाहिलं ते त्या एकदाच.

गोदू मात्र धक्क्याच्या टोकाकडे निघाली होती. तिथे दगडी उतार पार पाण्यापर्यंत गेला होता. खाली एक लहान होडी बांधलेली आणि तिच्याजवळ रिकाम्या टोपल्या घेऊन एक म्हातारी बसलेली. नेसण कासोट्याचं, हातभर बांगड्या. गोदू तिच्यापुढे उकिडवी बसली आणि आम्ही कधी न ऐकलेल्या तिच्या घरच्या बोलीत म्हणाली, "आई, तुमी कोली का?"

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मांगेली. तू कनची?" त्या किनाऱ्यावरच्या मासेमारांना मांगेली म्हणतात.

"करंजाची. जगन नाखव्याची. होरी तुमची हाय?"

म्हातारीचं नाव भामा. मासळी विकायला ती पलीकडून आली होती. मुलाने तिला इथे सोडलं आणि तो मोठ्या बोटीवर समुद्रात गेला. भरतीबरोबर तो परत येईपर्यंत तिलाही थांबायचं होतं.

"वल्हवाया कोन नाय," ती म्हणाली. "मी म्हातारी."

"मी वल्हवते."

भामाने तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, तळवे उलटे करून पाहिले आणि बाजूला सरकली.

गोदू परत आली आणि सरांना सांगितलं. सर तिच्याकडे बघत राहिले. "गोदावरी, ही माझ्या जबाबदारीवरची मुलं आहेत. पाण्याला ओढ किती आहे बघतेस ना?"

"बघते सर. ओढ आहे म्हणून सरळ जायचं नाही. वरच्या अंगाला तोंड धरून जायचं, पाणी आपोआप खाली नेऊन लावतं. एका वेळी चारच जण. चार खेपा."

"तू पूर्वी केलंयस हे?"

"सात वर्षांची होते तेव्हापासून."

सरांनी पुन्हा एकदा पाण्याकडे पाहिलं. तेव्हा वेणूताईंनी पदर खोचला. त्या मुंबईच्या, पोहणं येत नव्हतं, सकाळी नावेतसुद्धा डोळे मिटून बसल्या होत्या. "पहिल्या खेपेला मी बसते," त्या म्हणाल्या. "चला गं मुलींनो."

म्हणून पहिल्या खेपेला वेणूताई आणि मी, आणखी दोघी. गोदूने परकर गुडघ्यापर्यंत बांधला, दोर सोडला आणि पायाने होडी ढकलून आत उडी घेतली. वर्गात ती मान खाली घालून उत्तर द्यायची. इथे मान वर होती. "मधे बसा. हलू नका. काठाला हात लावू नका," तिने एकदाच सांगितलं. होडीचं तोंड तिने नदीच्या वरच्या बाजूला धरलं. पाणी आम्हाला समुद्राकडे खेचत होतं, ती वल्हं मारून तेवढंच वर काढत होती, आणि आम्ही तिरक्या तिरक्या पलीकडे सरकत होतो. मी तिच्या पायाशी बसले होते. तिच्या केसांना खोबरेलाचा वास येत होता, आमच्या घरच्यासारखाच.

पलीकडे गुडघाभर चिखल होता. आम्ही उतरलो, चपला हातात घेतल्या. गोदू मागे वळून निघालीसुद्धा.

दुसरी खेप, तिसरी खेप. दुसरीत आमच्यातली उरलेली एक मुलगी आणि तीन मुलगे, तिसरीत चारही मुलगे. वर्गात तिच्या बोलण्याची नक्कल करणारा आमचा काशीराम तिसऱ्या खेपेत होता. मध्यावर तो घाबरून उभा राहू लागला. गोदूने वल्हं न थांबवता त्याला सांगितलं, "काशीराम, बस खाली. माझ्या तोंडाकडे बघ, पाण्याकडे नको." तो बसला, आणि काठ येईपर्यंत त्याने तिच्या तोंडावरून नजर हलवली नाही.

चौथ्या खेपेला तीन मुलगे, सर आणि भामा म्हातारी, म्हणजे एक माणूस जास्त. ओढही वाढली होती. होडी मध्यावर आली आणि समुद्राकडे ओढली जाऊ लागली. काठावरून आम्हाला दिसत होतं, गोदू सगळं अंग मागे टाकून वल्हं ओढते आहे आणि होडी जागची पुढे सरकत नाही. वेणूताईंनी माझा दंड घट्ट धरला. मग भामाने टोपलीखालून दुसरं वल्हं काढलं, मागे बसून पाण्यात घातलं आणि दोघींचा ताल जमला. होडी आमच्यापासून शंभर पावलं खाली चिखलाला लागली. सर उतरले ते थेट मांडीपर्यंत रुतले, मुलांनी त्यांना ओढून काढलं.

होडी बांधल्यावर भामाने गोदूच्या गालावरून हात फिरवला. "बापास सांग, दमनच्या भामीनं सांगलंय, पोर बरी शिकवलीस."

नाका तीन मैल. आम्ही चिखलाच्या पायांनी जवळजवळ पळत गेलो. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर होता. शिपायाने कागद पाहिला, सूर्याकडे पाहिलं, आमच्या पायांकडे पाहिलं, डोकी मोजली. पंधरा आणि दोन. त्याने आडवा बांबू उचलला.

गाडी अर्थात चुकली होती. पुन्हा धर्मशाळा. सोमवारी सकाळी सरांनी पनवेलला तार केली, ती आमच्यानंतर पोचली. तोवर गावात पोर्तुगिजांनी मुलं धरून ठेवल्याची बातमी पसरली होती. चारच्या एसटीने आम्ही आलो तर स्टँडवर निम्मं गाव. माझी आई रडून डोळे सुजवून बसलेली. जनीआत्याने त्या दिवशी टोपली लावलीच नव्हती. सकाळपासून ती एका कडेला, सगळ्यांपासून अंतर राखून, एकटी उभी होती.

सर एसटीच्या पायरीवरच थांबले. लोक रागात होते, त्यांनी बोलून घेतलं. मग सर म्हणाले, "चूक माझी. वेळेचा अंदाज मला आला नाही, तो गोदावरी नाखवाला आला होता. तिने हातांनी होडी वल्हवून आम्हा सगळ्यांना परमुलखातून बाहेर काढलं. तुमची मुलं तिने आणली आहेत."

लोक बाजूला झाले आणि जनीआत्या पुढे आली. तिने गोदूचे हात बघितले. तळव्यांवर फोड आले होते, दोन फुटले होते. "जेवलीस?" तिने विचारलं.

उत्तर माझ्या आईने दिलं. "आज दोघी आमच्याकडे जेवा." कोळ्याच्या मुलीशेजारी बसू नको, असं मला वर्षभर सांगणारी माझी आई. जनीआत्या नको नको म्हणत होती, आई ऐकेना. आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी एका ओळीत पाच पानं मांडली. मंगळवारी मी दप्तर उचललं आणि शेवटच्या बाकावर गोदूशेजारी जाऊन बसले.

गुरुवारी भरतीवर तिचा बाप करंजाहून होडी घेऊन पनवेलच्या बंदरात आला. मी गोदूबरोबर गेले होते. जगन नाखवा उंच, काळा, कमी बोलणारा. त्याने शाबासकी दिली नाही, प्रश्न विचारले. होडी केवढी होती? वल्हं कोणत्या लाकडाचं? तोंड किती वर धरलंस? शेवटच्या खेपेला पाच का घेतलेस? गोदू एकेक उत्तर देत होती.

"पाच घेवाला नको होते," तो म्हणाला.

"नाय बाबा. चुकलं."

मग भामाचा निरोप गोदूने सांगितला. त्याने ऐकला आणि धक्क्यावरच्या बाकीच्या कोळ्यांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "ऐकलाव काय? दमनपावत पोचली माजी पोर." तिला होडीत घेतो म्हणून ज्यांनी त्याला बोल लावले होते, त्यांतले दोघे तिथे उभे होते.

गोदू त्याच वर्षी मॅट्रिक झाली, मग शिक्षिकेचं ट्रेनिंग घेऊन करंजाच्या शाळेत लागली. मुली शाळेत याव्यात म्हणून ती मासळीच्या लिलावात जाऊन बायांशी बोलायची, कारण घरी गेलं तर त्या भेटत नसत. लग्न झालं, दोन मुलं झाली, नोकरी सोडली नाही. सहासष्ट साली करंजाच्या तीन मुली एकदम आमच्या पनवेलच्या हायस्कुलात दाखल झाल्या. गोदू त्यांना घेऊन आली होती. तेव्हा मी त्याच शाळेत शिकवत होते. तिघी आपणहून मागच्या बाकाकडे निघाल्या. गोदूने त्यांना दारातूनच हाक मारली आणि पहिल्या बाकावर बसवलं.