वानरं, कुरड्या अन् दोन गच्च्यांचा करार

ये गं, अशी जवळ सरक. फोनवर नुसतं "मावशी, बरी हाईस का?" विचारायचं अन् मी तोंड उघडलं की ठेवून द्यायचं, ही कुठली रीत? तुझ्या घाईपायी आमच्या मस्तगड मोहल्ल्यातला करार तुला सांगायचाच राह्यला.

नातीचं लग्न तोंडावर आलंय. रुखवतात आजीच्याच हातच्या कुरड्या पाहिजेत म्हणून पोरगी हटून बसलेली. मी गहू भिजवले, चीक काढला, शिजवला, गच्चीवर कुरड्या घातल्या. अन् गल्लीत वानरांची टोळी उतरली! शेजारच्या भाभींच्या गच्चीवर शेवया वाळत होत्या. आमच्या मधात कमरेएवढी भिंत, अन् त्या भिंतीवरून आमचं कायम वाजत आलेलं. त्यांचं पाणी इकडं, आमचा पाला तिकडं. पण टीव्हीवर सांगून राह्यले होते, दोन शेजारी देशांनी लिहून दिलं म्हणे, एकावर हल्ला तो दोघांवर हल्ला. मी भिंतीवरून हाक मारली, "भाभी, आपण बी करू की!"

"बिलकुल! मगर आपा, ऐन वक्त पे भागना नहीं."

ठरलं. एकीनं पहारा द्यायचा, वानर दिसलं की थाळी बडवायची. दुसरीनं काठी घेऊन धावायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला खाली आले, तर टीव्हीवर त्याच कराराचा वाद पेटलेला. आवाज ऐकून भाभी मागल्या दारानं आल्या अन् दिवाणावर बसल्या.

मी म्हणलं, "टिकायचं न्हाई हे. जन्मभर ज्यांचं पटलं न्हाई, ते एकमेकांसाठी मरतील व्हय?"

"मरेंगे. दोनों का डर एक है तो मरेंगे."

"अन् डर गेल्यावर?"

"तब का तब देखेंगे!"

तेवढ्यात वर धाडधाड झालं. मी भाभींकडं पाह्यलं, भाभींनी माझ्याकडं.

"आपा, आप यहाँ, तो ऊपर कौन?"

मला वाटलं, त्या सुनेला बसवून आल्या. त्यांना वाटलं, माझा लेक वर असंल.

पळालो! दोघींचे गुडघे गेलेले, तरी जिन्यात आधी कोण यावरून ढकलाढकली. वर बघते तर वानरं पंगतीला बसल्यासारखी कठड्यावर बसून माझ्या कुरड्या कुडुमकुडुम चावत होती. भाभींच्या शेवयांना हात न्हाई!

"भाभी, वानरांशी तुमचा छुपा करार दिसतोय!"

"तौबा! मच्छरदानी डाली थी मैंने!" म्हणत त्यांनी पायातली चप्पल भिरकावली. वानरानं ती झेलली अन् दारच्या कडुलिंबावर जाऊन बसलं. आम्ही हसून हसून खालीच बसलो, अन् वानरं खायचं सोडून आमच्याकडं बघाय लागली.

हसू सरलं तसं मला रडू आलं. पोरीला काय तोंड दाखवू? भाभींनी दुपट्टा खोचला. "फिर से डालेंगे. नात क्या अकेली तुम्हारी है?"

मंग काय, गहू परत भिजले. चीक भाभींनी घोटला, कुरड्या मी घातल्या. "गोल नहीं आयी," हे मात्र त्यांनी प्रत्येक कुरडईला ऐकवलं. आता मच्छरदानी भिंतीवरून दोन्ही गच्च्यांवर ताणलीय, अन् करारात एक कलम वाढवलंय: वर कोण हाय ते नावानं विचारल्याबिगर खाली उतरायचं न्हाई. त्या देशांनी बी हे बघावं बाई.

कुरड्या अजून ओल्याच हाईत अन् दुपारच्या पहाऱ्याला माणूस कमी पडून राह्यलंय. तू आलीच हाईस, तर घे ती काठी अन् चढ जल्दी वर.