फुलावर ठेवलेलं चाक

हे मी आजवर कुणाला, बायकोलाही, सांगितलेलं नाही. अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. साठीचा माणूस, हातात छोटा डिजिटल कॅमेरा. सदऱ्याच्या बाहीनं त्याची काच सारखी पुसत होता.

"काय करता तुमी?"

"शाळेत शिकवतो."

"मंग बरं झालं, मास्तर! पुतन्याचा कॅमेरा हाये. मायचा फोटो काढाचा हाये. जन्मात तिनं काढू देला नाई. आता दवाखान्यातून म्हन्ते, काढ बापा एक. हे वरचं चित्रांचं चाक कुठं ठेवू?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण मास्तर म्हटल्यावर तसं कबूल कसं करायचं? चाकावरच्या चित्रांतल्या फुलावर मी ते फिरवलं. "इथं ठेवा. चांगला येतो."

मूर्तिजापूर मागे पडल्यावर आठवलं. शाळेत आलेल्या फोटोवाल्यानं सांगितलं होतं, फुलाचं चित्र अगदी जवळच्या वस्तूंसाठी असतं. लांबचा चेहरा धूसर येतो. आता सांगतो, पुढच्या थांब्याला सांगतो, असं करत अकोला आलं.

तो उठला. मास्तरांनी लावलेलं हलू नये म्हणून सगळा रस्ता त्यानं चाकावर अंगठा दाबून धरला होता. नख पांढरं पडलं होतं.