अण्णांचं दुसरं मत

घड्याळ घेऊन आलेला माणूस गोष्ट सांगायला लागला की अण्णा तळहात पुढे करायचे. "आधी घड्याळ बघू दे. तुमचं नंतर ऐकतो." आणि गोष्टी तर काय, प्रत्येकाच्या खिशात तयारच असायच्या. कुणाचे आजोबा बोटीवर कप्तान होते, कुणाच्या चुलत्याला कुण्या बड्या असामीनं खूश होऊन मनगटावरचं घड्याळ उतरवून दिलं होतं. अण्णा म्हणायचे, एवढे कप्तान खरोखर होऊन गेले असते तर त्यांना बोटी पुरल्या नसत्या.

अण्णांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक खिडकी, छातीइतकं उंच टेबल आणि टेबलाच्या कडेला खाली अडकवलेलं कापड, म्हणजे हातातून निसटलेला स्क्रू जमिनीवर न जाता त्यात पडावा. तरी एखादा जायचाच. मग अण्णा गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फिरवत आणि तोंडानं त्या स्क्रूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. माणसांशी मात्र ते सहसा वाईट बोलत नसत. अपवाद एकच, घड्याळ कानाशी धरून गदागदा हलवणारा. त्याला ते शांतपणे विचारत, "घरी लहान मूल रडायला लागलं की असंच करता का?"

त्यांचा खरा हात होता तो तबकडी रंगवण्यात. घड्याळात पाणी शिरलं की तबकडीवर बुरशीसारखे डाग पडतात, आकडे पुसट होतात. अण्णा ती तबकडी काढून, साफ करून, मोजके तीन केस असलेल्या ब्रशनं आकडे पुन्हा काढून द्यायचे. आकडा काढताना ते श्वास रोखून धरायचे आणि तेवढ्या वेळात त्यांच्या मुलीनं, घरात जिला सगळे थोरली म्हणत, खोलीत पाऊलही टाकायचं नाही असा दंडक होता. ती दारात एका पायावर उभी राहून बघायची. ब्रशवर उरलेल्या रंगात अण्णा तिच्या शाळेच्या डब्यावर तिचा हजेरीचा क्रमांक काढून द्यायचे, घड्याळातल्यासारख्याच इंग्रजी आकड्यांत. त्यात चार होता. चारची आडवी रेघ संपताना अण्णांचा हात ब्रश उचलायच्या आधी किंचित थबके आणि रेघेचं टोक अंमळ जाड राही. तो डबा ती कित्येक वर्षं रोज बघत होती.

रंगवलेल्या प्रत्येक तबकडीच्या पाठीवर अण्णा सुईनं एक खूण कोरायचे. छोटा त्रिकोण आणि त्याखाली वर्ष. गिऱ्हाइकाला ती कधी दिसायची नाही, कारण ती बघायची तर काटे काढून तबकडी यंत्रावरून उचलावी लागते. थोरलीनं एकदा विचारलं होतं, मग कोणासाठी कोरता? अण्णा म्हणाले, "हे पुढं जो उघडेल तो आपल्याच धंद्यातला असणार. त्याला फसवायचं नाही."

पुढे बॅटरीची घड्याळं आली आणि धंदा बसला. आणि धंदा पार बसल्यावर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, जुन्या घड्याळांचं वेड आलं. लोक कपाटं उपसून आजोबांची घड्याळं बाहेर काढू लागले. आता म्हणे तबकडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. डाग असले तर उत्तम, रंग पिवळा पडला असेल तर सोन्याहून पिवळं. नव्यानं रंगवलेली तबकडी असली की घड्याळाची किंमत धाडकन खाली. अण्णा हसून म्हणायचे, "आम्ही जन्मभर डाग काढले आणि आता डागालाच भाव आला." त्या दिवसांत एक गोडबोल्या दलाल दुकानात येऊ लागला होता. त्याला तबकड्या रंगवून हव्या होत्या, पण जुन्या वाटतील अशा, पाठीवर खूण न करता. अण्णांनी त्याला दारातूनच परत पाठवल्याची हकिगत घरात अनेकदा सांगितली गेली. सांगणारे अर्थात अण्णाच.

थोरली त्यांच्या शेजारी बसून शिकली आणि पुढे जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका पेढीत घड्याळांची पारख करू लागली. पेढीचा नियम असा की मोलाच्या घड्याळाला दोन मतं लागतात. पहिलं थोरलीचं, दुसरं अण्णांचं. मालक म्हणायचे, "बापलेकीचं जुळलं की घड्याळ नक्की अस्सल. एरवी तुमचं जुळतं कशावर?" अण्णा दर गुरुवारी पेढीत यायचे. थोरलीची आई गेल्यावर तर त्यांचा आठवडा त्या एका गुरुवारावर उभा होता. बुधवारी ते स्वतः सदऱ्याला इस्त्री करत आणि भिंग मऊ कापडानं पुसून खिशात ठेवत. अलीकडे दूध गॅसवर ठेवून विसरत, थोरलीला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारत. वय झालं की असं होतंच, असं थोरली स्वतःला सांगायची. गुरुवारी भिंग डोळ्याला लावलं की माणूस लख्ख असायचा.

तर अशा एका गुरुवारच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई घड्याळ घेऊन आल्या. त्यांचे पती, डॉक्टर, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि बाई मुलाकडे राहायला निघाल्या होत्या, म्हणून घर आवरत होत्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि सांगायला सुरुवात केली, "हे ह्यांचं, लग्नाआधीचं. ह्यांनी एकदा काय केलं..."

थोरलीनं नकळत तळहात पुढे केला. "आधी घड्याळ बघू दे, काकू." बाई गप्प झाल्या. घड्याळ फार दुर्मिळ होतं. त्या कारखान्यानं अशी मोजकीच काढली होती आणि त्यातली बहुतेक पुढे कुणी ना कुणी सुधारून बिघडवली होती. याची तबकडी मात्र स्वच्छ होती. मालकांनी हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

बाई गेल्यावर थोरलीनं भिंग लावलं. बाहेरची डबी मूळची, यंत्र मूळचं, काटे मूळचे. मग ती चारच्या आकड्यावर आली आणि तिथून तिची नजर हलेना. आडव्या रेघेचं टोक अंमळ जाड होतं.

तिनं भिंग काढलं, डोळा चोळला, पुन्हा लावलं. शंकेला जागाच नव्हती. जगातल्या कुठल्याही पारख्याला हे दिसलं नसतं, कारण काम इतकं साफ होतं. तिला दिसलं ते शाळेच्या डब्यामुळे. तिला हसू आलं. उद्या अण्णा बघतील, एका नजरेत ओळखतील आणि दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत बसतील. तिनं ठरवलं की काही बोलायचं नाही, त्यांचं त्यांनाच सापडू दे.

गुरुवारी अण्णा आले, पाणी प्यायले, खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. घड्याळ हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा नेहमीसारखाच झाला, म्हणजे बाकी जग दाराबाहेर थांबलं. त्यांनी डबी उघडली, यंत्र पाहिलं, मागून पुढे, पुढून मागे. मग तबकडीवर एकेक आकडा बघत ते सावकाश फिरले. चारवर आले. चारवरून पाचवर गेले.

"अस्सल," ते म्हणाले. "कोणाचा हात लागलेला नाही."

थोरलीला वाटलं, गंमत करताहेत. ती वाट बघत राहिली. अण्णांनी भिंग पुसून खिशात ठेवलं.

"अण्णा, तबकडी?"

"तबकडीचंच सांगतोय. कारखान्यातून आली तशी आहे. अशी आता बघायला मिळत नाही." ते मालकांकडे वळले. "जपून ठेवा."

मालक तर हवेतच होते. थोरली मात्र अण्णांच्या त्या शब्दांवरच अडकली. याला दोनच अर्थ होते. एक, अण्णांनी ओळखलं आणि लपवलं. म्हणजे तो दलाल रिकाम्या हातानं परत गेलाच नव्हता, आणि पाठीवर खूण नसलेल्या तबकड्या जिन्याखालच्या त्या खोलीतून बाहेर पडल्या होत्या. आपला बाप लबाड होता आणि आजही खोटं बोलला. दुसरा अर्थ, अण्णांना स्वतःचा हात ओळखता आला नाही. आपला बाप लबाड निघावा असं कुठल्या मुलीला वाटेल? पण त्या घटकेला थोरलीला तसंच वाटलं. लबाडीला निदान डोकं ठिकाणावर लागतं. तिनं मनोमन हात जोडले, की देवा, तबकडीमागे खूण नसू दे.

तबकडी काढायची तर घड्याळाच्या मालकिणीची परवानगी हवी. थोरलीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"काढा की," बाई म्हणाल्या. "मी काल तेच सांगत होते, तर तुम्ही हात पुढे केलात. ह्यांनी ते एकदा हातात तसंच ठेवून पोहायला विहिरीत उडी मारली होती. मग कुठंतरी दुरुस्त करून आणलं. लग्नाआधीचीच गोष्ट. कुणाकडून आणलं ते मला नाही माहीत."

थोरलीनं फोन ठेवला. गोष्ट आधी न ऐकण्याचा नियम बापाचा, तो तिनं बापाइतकाच कडक पाळला होता आणि दोघांनीही त्यात मार खाल्ला होता.

अण्णा बाहेरच्या खोलीत मालकांबरोबर चहा घेत होते. थोरलीनं काटे उचलले, बाजूचे दोन स्क्रू सैल केले आणि तबकडी अलगद वर घेऊन उलटी केली. पाठीवर छोटा त्रिकोण होता. त्याखाली वर्ष होतं. जुन्या घड्याळांना कुणी विचारत नव्हतं तेव्हाचं, दलाल दुकानात यायच्या कितीतरी आधीचं. अण्णा निष्कलंक होते. थोरली टेबलाशी बसून रडली, आवाज न करता, चिमटा हातात तसाच धरून.

मग तिनं डोळे पुसले. वाटलं, आपण नुसतं मालकांना कळवून टाकू की तबकडी रंगवलेली आहे, अण्णांना सांगायचंच कशाला? म्हातारा माणूस. एक गुरुवार तेवढा उरलाय त्याच्याजवळ. पण मग पुढच्या गुरुवारी काय? त्यांनी अस्सल म्हटलं की ती मान डोलावणार आणि माघारी खोडणार. त्यांच्या मताला नुसती शोभेपुरती जागा देणार. एवढी वाईट वागणूक तिनं वैऱ्यालाही दिली नसती. तिनं अण्णांना आत बोलावलं आणि तबकडी उलटी ठेवून त्यांच्यापुढे केली.

अण्णांनी भिंग लावलं. त्रिकोण पाहिला, त्याखालचं वर्ष पाहिलं. मग तबकडी सुलटी करून त्यांनी आकडे पुन्हा पाहिले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चारवर थांबले.

"माझंच आहे," ते म्हणाले आणि तबकडी पुन्हा उलटी ठेवली.

"हो."

"तुला कधी कळलं?"

"काल. तुम्ही यायच्या आधी."

त्यांनी मान हलवली. भिंग काढून टेबलावर ठेवलं. थोरलीला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण लहानपणीचा दंडक आठवावा तशी ती जागच्या जागी उभी राहिली. तेवढ्यात मालक आत आले. टेबलावरची उलटी तबकडी, त्यावरचा त्रिकोण, दोघांचे चेहरे, त्यांनी सगळं पाहिलं. माणूस धंद्यातला, पण मनानं भला.

"अण्णा, तुम्ही पण ना," ते हसत म्हणाले. "तुम्हाला सकाळीच कळलं असणार. लेकीची परीक्षा घेत होता, होय ना?"

वाट मोकळी करून दिली होती. नुसतं हसायचं होतं, त्याहून जास्त काही करायचं नव्हतं. थोरलीनं श्वास रोखला. तिला मनापासून वाटलं, अण्णांनी हसावं.

"नाही," अण्णा म्हणाले. "मला ओळखता आलं नाही. तबकडी रंगवलेली आहे, तसंच जाहीर करा. आणि दुसऱ्या मतासाठी आता कुणीतरी दुसरा बघा. मी येत नाही."

मालक काहीतरी बोलू लागले. अण्णांनी तळहात पुढे केला आणि ते थांबले.

निघताना पायऱ्यांवर अण्णांनी थोरलीचा दंड धरला. एरवी ते कठड्याला धरत. उतरता उतरता म्हणाले, "काम मात्र चांगलं होतं."

"फार चांगलं होतं, अण्णा."

अर्ध्या जिन्यात ते थांबले. दम लागला असेल म्हणून तीही थांबली.

"एक कर," ते म्हणाले. "यापुढे घरीसुद्धा मी काही ठामपणे सांगितलं ना, गॅस बंद केलाय, गोळी घेतलीये, कुणाला काय बोललोय, तर तू मागाहून एकदा बघून घेत जा. माझ्या शब्दावर राहू नकोस. मला राग येईल, मी ओरडीनही. तरी बघ."

ज्याच्या शब्दावर तिनं आजवर शेकडो घड्याळं अस्सल ठरवली होती, तो माणूस हे सांगत होता. थोरलीला मोठमोठ्यानं म्हणावंसं वाटलं की असं काही नाही, तुम्ही ठीक आहात, एका तबकडीनं काय होतं. पण या माणसापुढे खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"बघीन, अण्णा," ती म्हणाली, आणि त्यांचा हात घट्ट धरून पुढची पायरी उतरली.