ओहोटीला बंद होणारे दुकान

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा तो प्रकार अजून माझ्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा आहे. आठवला की आधी हसू येते.

खाडीकाठच्या एका गावातली विधवा बाई. भातशेती नव्या शहरासाठी संपादनात गेली, मोबदला नवऱ्याच्या आजारपणात संपला. घरात दोन शाळकरी मुली. दोन वर्षे तिने मिठागरावर मीठ वाहिले, चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडून विकले. त्याच सुमारास सरकारने योजना काढली. कारखान्यांच्या आसपास दुरुस्ती, लॉन्ड्री, टायपिंग असे सेवा व्यवसाय उभे राहावेत म्हणून प्रकल्पग्रस्तांना छोटे गाळे आणि अवजारांसाठी मदत. बाईने अर्ज केला. तिला पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर गाळा मिळाला. व्यवसाय : सायकल दुरुस्ती. काम नवऱ्याने शिकवले होते.

मी तेव्हा त्या भागात फौजदार होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. त्यामुळे सरकारी कागदावर नाव लागणे म्हणजे काय असते, हे मला कोणी शिकवायला नको होते.

एके दिवशी आमचा खबरी आला. पानाची टपरी चालवायचा.

"साहेब, त्या सायकलवाल्या बाईवर नजर ठेवा. भर दिवसा दुकान बंद करते, टोपली घेऊन खाडीत उतरते. परत येते ती टोपली झाकून. रोज वेळ वेगळी. माल उतरतोय, साहेब."

त्या काळी खाडीतून परदेशी घड्याळे उतरत. शंकेला जागा होती. मी आमच्या एका हवालदारांना साध्या वेशात पाळतीवर बसवले. चार दिवस त्यांनी वेळा टिपल्या. पाचव्या दिवशी ते बाईला टोपलीसकट ठाण्यात घेऊन आले. हवालदार घाटावरचे, खाडीशी संबंध नाही.

"सायेब, आत खडखड वाजतंय. घड्याळंच हायती!"

मी पंच बोलावले. हवालदारांनी घाईने फडक्याखाली हात घातला आणि असे ओरडले, की लॉकअपमधला आरोपी उठून उभा राहिला. बोटाला चिंबोरी लटकली होती. टोपली कलंडली. पुढची दहा मिनिटे ठाणे अंमलदारापासून पंचांपर्यंत सगळे टेबलांवर उभे, आणि बाई एकटी शांतपणे चिंबोऱ्या गोळा करत होती.

"हवालदारदादा, बोट हलवू नका. हलवलात का जास्ती धरते ती."

मुद्देमाल : चिंबोऱ्या, काळ्या, जिवंत. पंच हसू आवरत सही न करताच गेले.

पण चौकशी अर्धवट सोडायची माझी पद्धत नव्हती. बाईला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"मावशी, खरं सांगा. दुकान रोज वेगळ्या वेळी का बंद करता?"

"पानी उतरतं ना साहेब."

"म्हणजे?"

"मंग काय दुकानात बसू? पानी उतरलं का पाय निघतोच. लगनाआधीपासून तसंच हाय."

मी हवालदारांची नोंदवही उघडली. पहिल्या दिवशी साडेनऊ, दुसऱ्या दिवशी सव्वादहा, मग अकरा, मग पावणेबारा. रोज पाऊण तास पुढे. गुन्हेगार वेळ बदलतो तो असा शिस्तीत बदलत नाही. मी विचारले, "उद्या कधी बंद कराल?" बाईने पंचांगही न पाहता बोटांवर तिथी मोजली आणि वेळ सांगितली. ती वहीतल्या आकड्यांच्या हिशेबात बरोबर बसत होती.

तेव्हा तिने पदरात बांधलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. उद्योग खात्याचा माणूस दोनदा तपासणीला आला होता. दोन्ही वेळा ओहोटी. शेरा : दुकान बंद, लाभार्थी गैरहजर. तिसरी तपासणी परवा. तेव्हाही तसेच आढळले तर गाळा यादीतल्या पुढच्या माणसाला.

मी उद्योग खात्याला अहवाल लिहून पाठवला, सरळ आणि खरा, खेकड्यांसकट. तपासणीच्या दिवशी स्वतः गाळ्यावर गेलो. उद्योग अधिकारी अहवाल वाचून आलेच होते. चेहरा गंभीर, मिशी मात्र हलत होती.

"बाई, दुकान खरंच तुम्ही चालवता? की कोणी दुसरा आहे मागे?"

बाईने पाना उचलला. समोरच्या सायकलचे टायर उतरवले, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली, बुडबुडा दिसला तिथे बोट ठेवले. रांगेत पावण्याच्या कारखान्यांतले पाच-सहा कामगार होते. त्यांतला एक म्हणाला, "साहेब, मावशीचा पॅच उखडत नाही. आमी तर आता ओहोटी विचारूनच पंक्चर होतो!"

अधिकारी खो खो हसले. मग म्हणाले, "काम पाहिलं. पण ठरलेली वेळ लिहून द्यावी लागेल. नियम आहे."

बाई हात पुसत विचारात पडली. बोटे पुन्हा तिथींवर फिरली.

"पुनव-अवसेच्या उधानाला ओहोटी पहाटे नि सांजचे येते. चिंबोरीपन तवाच जास्ती गावते. मधल्या दिवसांत थोडक्यासाठी चिखल तुडवायचा. ते मी सोडते. लिवा साहेब, सकाली आठ ते संध्याकाली पाच."

त्या प्रकरणाने मला एक शिकवले. संशय घेणे आमचे कामच, पण ज्याच्यावर घेतो तो कशावर दिवस मोजतो, हे आधी विचारावे. मी तेव्हा चार दिवस पाळत ठेवली. एक प्रश्न पुरला असता.

गाळा बाईच्या नावावर कायम झाला. तिसऱ्या वर्षी तिने कोपरखैरण्यात दुसरे दुकान काढले आणि गावातल्या दोन बायकांना काम शिकवून तिथे बसवले.